शून्यांचा हिशेब : पॅरालिम्पिकमधला भारत, १९७२ ते २०२४

१, ०, ०, ४, ०, ०, ०, ०, २, ०, १, ४, १९, २९.

१९७२ पासून २०२४ पर्यंतच्या १४ पॅरालिम्पिक स्पर्धांत भारताने मिळवलेल्या पदकांची ही ओळ आहे. बेरीज ६०. त्यांत १६ सुवर्ण, २१ रौप्य आणि २३ कांस्य. ओळीच्या शेवटचे दोन आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि अलीकडे या विषयावर जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा त्या दोन आकड्यांभोवतीच फिरते. टोकियोत १९, पॅरिसमध्ये २९, म्हणजे देशाने घेतलेली झेप, वगैरे. झेप खरीच आहे. पण मला या ओळीतली शून्ये जास्त बोलकी वाटतात. १४ आकड्यांत ७ शून्ये आहेत आणि ती सगळी एका जातीची नाहीत. दोन शून्ये आपण स्पर्धेला गेलोच नाही म्हणून पडली. चार शून्ये गेलो, पण जेमतेम गेलो म्हणून. आणि एक शून्य असे आहे, की आपला सुवर्णपदक विजेता ऐन उमेदीत होता, पण तो ज्या प्रकारात खेळत होता तो प्रकारच त्या वर्षी स्पर्धेत ठेवलेला नव्हता. पदकांचा तक्ता या तिन्हींना सारखेच चिन्ह देतो.

ऑलिम्पिकच्या तक्त्यातही शून्य दिसते, पण तिथे त्याचा अर्थ लावणे सोपे असते. शंभर मीटर धावणे हा प्रकार १८९६ पासून आहे आणि पुढेही राहील. तिथे पदक नाही याचा अर्थ आपला धावपटू कमी पडला. पॅरालिम्पिकचे तसे नाही. तिथे 'भालाफेक' अशी एक स्पर्धा नसते. हात नसलेल्यांची वेगळी, बसून फेकणाऱ्यांची वेगळी, कमी उंचीच्या खेळाडूंची वेगळी, दृष्टिहीनांची वेगळी, असे गट असतात; आणि दर चार वर्षांनी कोणत्या गटाची स्पर्धा घ्यायची, कोणत्या गटाची वगळायची, हे ठरवले जाते. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ३२९ सुवर्णपदके होती, तर पाठोपाठच्या पॅरालिम्पिकमध्ये ५४९. या फरकामुळेच 'ऑलिम्पिकमध्ये ६ आणि पॅरालिम्पिकमध्ये २९' ही तुलना दोन्ही बाजूंनी अन्यायाची होते. कौतुक करणारेही ती करतात आणि हिणवणारेही. पण गटांची ही व्यवस्था कुठून आली हे पाहिल्याशिवाय आपली ओळ वाचताच येत नाही.

तिची सुरुवात युद्धातल्या जखमींपासून झाली. लुडविग गुटमन हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. १९३९ मध्ये ते इंग्लंडला पोचले आणि १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथल्या रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. कमरेखाली लुळा पडलेला माणूस त्या काळी फार दिवस जगत नसे. पाठीला पडणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग त्याला नेत असे. गुटमन यांनी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली, त्याला अंथरुणातून उठवले आणि उपचाराचा भाग म्हणून खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी माजी सैनिकांनी, त्यांत दोन स्त्रिया होत्या, तिरंदाजीची स्पर्धा खेळली. त्यानंतर दोन आठवड्यांनी वेम्बलीवर भारताच्या हॉकी संघाने इंग्रजांना त्यांच्याच घरी ४-० असे हरवले. ते सुवर्ण आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. हिरवळीवरची तिरंदाजी मात्र आपल्याला पुष्कळ उशिरा कळली.

१९५२ मध्ये डच सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ती रोमला गेली. पुढे हीच पहिली पॅरालिम्पिक म्हणून मोजली गेली. 'पॅरा' हा शब्द आधी 'पॅराप्लेजिक', म्हणजे कमरेखाली लुळा, यातून आलेला. आज त्याचा अर्थ ऑलिम्पिकला 'समांतर' असा सांगितला जातो. अर्थ बदलला, कारण माणसे बदलली. सुरुवातीला या स्पर्धा फक्त कण्याच्या इजेच्या खेळाडूंसाठी होत्या आणि गट पाडण्याचे काम सर्वस्वी डॉक्टरांचे होते. इजा कोणत्या मणक्यापाशी झाली त्यावरून गटाचा क्रमांक ठरे. क्रमांक जितका मोठा तितकी इजा खाली, म्हणजे शरीराचा तितका जास्त भाग ताब्यात.

मुरलीकांत पेटकर हे अशाच 'गट ३' मधले जलतरणपटू. जन्म १९४४, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. सैन्याच्या ईएमई दलात भरती झाले, मुष्टियुद्धात नाव कमावले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यापाशी कायमची राहिली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीमध्ये, उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. गुटमन यांचा मूळ विचार इथे जसाच्या तसा दिसतो : आधी उपचार, मग खेळ, मग स्पर्धा.

भारत १९६८ मध्ये पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला. ऑलिम्पिक मेक्सिकोला होते, पण मेक्सिकोने असमर्थता दाखवल्याने अपंगांची स्पर्धा तेल अवीवला झाली. पेटकर त्या संघात होते. पदक मिळाले नाही. १९७२ मध्ये ऑलिम्पिक म्युनिकला आणि ही स्पर्धा मात्र हायडेलबर्गला, कारण म्युनिकच्या क्रीडाग्रामातल्या इमारती स्पर्धेनंतर राहत्या घरांसाठी द्यायच्या होत्या. आजच्यासारखी ती ऑलिम्पिकनंतर झाली नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, ऑलिम्पिकच्याही आधी, ती उरकली. तिथे ५० मीटर मुक्त शैलीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण मिळवले. ही भारताची पॅरालिम्पिकमधली पहिली नोंद. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवायला भारताला २००८ उजाडले, अभिनव बिंद्राच्या रूपाने. म्हणजे मध्ये ३६ वर्षे.

संघ तेव्हा जात कसा होता? सरकारी यंत्रणा नव्हती, महासंघ नव्हता. क्रिकेटपटू विजय मर्चंट हे अपंगांसाठी काम करत होते आणि पेटकरांच्या प्रवासामागे त्यांचे पाठबळ होते, हे पेटकरांनी अनेकदा सांगितले आहे. इथे कुणालाही खाशाबा जाधवांची आठवण व्हावी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक खाशाबांनी आणले आणि त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकिकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. खाशाबांचे गोळेश्वर कराडजवळचे. तिथून पेठ इस्लामपूर एसटीने तासाभराच्या वाटेवर. देशाचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणि पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण ही दोन्ही कृष्णेच्या एकाच खोऱ्यातली, आणि दोन्ही कुणा तरी एका माणसाच्या पदराला खार लागून मिळालेली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पेटकरांनी पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी.

१९७६ ला टोरांटो, १९८० ला हॉलंडमधले आर्नहेम. दोन्ही ठिकाणी भारत नव्हता. ही पहिली दोन शून्ये. नेमक्या याच काळात स्पर्धेचा दरवाजा रुंद झाला : टोरांटोला अवयव गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू आले, आर्नहेमला मेंदूच्या पक्षाघाताचे. म्हणजे ज्या घटकेला पोलिओ, अपघात, विजेचा धक्का यांनी अपंगत्व आलेल्या सामान्य भारतीय मुलांना तिथे जागा निर्माण होत होती, त्या घटकेला आपण घरी होतो.

मग १९८४. त्या वर्षीचा लॉस एंजेलिसमधला एक क्षण भारतात सर्वांना ठाऊक आहे. पी. टी. उषा, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले कांस्य. वेळ ५५.४२, कांस्य घेणाऱ्या रुमानियन मुलीची ५५.४१. आपल्या पिढीने ती हळहळ जपून ठेवली आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला एकही पदक मिळाले नाही, असे म्हणून आपण जे पान उलटतो, त्याच पानाच्या मागे त्याच वर्षीची चार पॅरालिम्पिक पदके आहेत. जोगिंदरसिंग बेदी : गोळाफेकीत रौप्य, थाळीफेक आणि भालाफेकीत कांस्य. भीमराव केसरकर : भालाफेकीत रौप्य. एकाच भालाफेकीत दुसरा आणि तिसरा, दोघेही भारतीय. असा निकाल ऑलिम्पिकच्या मैदानावर लागला असता तर आजही त्याची छायाचित्रे दिवाणखान्यांत दिसली असती. मराठी क्रीडाप्रेमींच्या मैफलीत मी केसरकरांचे नाव अनेकदा घेऊन पाहिले आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळखीची रेषाही उमटत नाही.

त्या वर्षी स्पर्धा दोन ठिकाणी विभागली गेली होती. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची स्पर्धा अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात व्हायची होती. पैशांअभावी ती ऐन वेळी रद्द झाली आणि स्टोक मँडव्हिलने ती घाईघाईने भरवली. बाकीचे न्यू यॉर्कजवळ खेळले. बेदी आणि केसरकर ज्या गटात होते त्याचे नाव 'एल-६'. त्यातला 'एल' हा 'ले झोत्र' या फ्रेंच शब्दांचा, म्हणजे 'इतर'. कण्याची इजा, अवयव नसणे, दृष्टिहीनता, मेंदूचा पक्षाघात या ठरलेल्या खणांत जे बसत नाहीत ते 'इतर'. भारताची चारही पदके या 'इतर' खणातून आली. व्यवस्थेने ज्यांच्यासाठी सर्वांत शेवटी खण केला, त्यांनी त्या वर्षी देशाचा तक्ता कोरा राहू दिला नाही. १९८४, ८८ आणि ९२ या तीन ऑलिम्पिकमध्ये भारताला पदक नव्हते. त्या दुष्काळावर अग्रलेख लिहिले गेले. या चार पदकांची नोंद त्यांत असती तर दुष्काळ जरा कमी कोरडा दिसला असता.

सोल, बार्सिलोना, अटलांटा, सिडनी. चार स्पर्धा, चार शून्ये. भारताचे खेळाडू गेले, परत आले. देशात महासंघ स्थापन झाला तो १९९२ मध्ये. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला १९९५ मध्ये. इकडे आपण पाया घालत होतो आणि तिकडे स्पर्धेचे स्वरूप बदलत होते. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती अस्तित्वात आली. बार्सिलोनाच्या सुमारास गट पाडण्याची जुनी वैद्यकीय पद्धत मागे पडून नवी आली : मणका कुठला मोडला यापेक्षा खेळताना शरीर काय करू शकते हे पाहायचे. गट कमी झाले, स्पर्धा चुरशीच्या झाल्या. १९८४ मध्ये नऊशेहून अधिक पदकस्पर्धा होत्या. २००४ मध्ये अथेन्सला ५१९ आणि २००८ मध्ये बीजिंगला ४७२. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण आता जी हकिकत येते ती या घटत्या आकड्यांच्या मधोमध सापडलेल्या एका माणसाची आहे.

देवेंद्र झाझडिया राजस्थानातल्या चुरू जिल्ह्याचा. आठ वर्षांचा असताना झाडावर चढला आणि विजेच्या तारेला हात लागला. डावा हात कापावा लागला. २००४ मध्ये अथेन्सला, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने एफ-४६ गटात ६२.१५ मीटर भाला फेकून जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळवले. (या खुणांची ओळख करून घेतलेली बरी : 'एफ' म्हणजे मैदानी प्रकार, 'टी' म्हणजे धावण्या-उड्यांचे, पुढच्या आकड्यावरून अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण. ४६ हा हाताशी संबंधित.) पेटकरांनंतर ३२ वर्षांनी आलेले हे भारताचे दुसरे सुवर्ण. त्याच अथेन्समध्ये राजिंदरसिंग रहेलूने ५६ किलो गटात भारोत्तोलनाचे कांस्य घेतले.

मग २००८. बीजिंगच्या कार्यक्रमात एफ-४६ ची भालाफेक नव्हती. २०१२, लंडन. पुन्हा नव्हती. एखादा गट ठेवायचा तर त्यात पुरेसे खेळाडू आणि पुरेसे देश हवेत, स्पर्धांची एकूण संख्याही आटोक्यात हवी, असा हिशेब असतो आणि तो अगदीच अन्यायाचा म्हणता येत नाही. पण त्याचा अर्थ चुरूच्या एका घरात काय होतो ते पाहा. २७ व्या वर्षी आणि ३१ व्या वर्षी, भालाफेक करणाऱ्याच्या आयुष्यातली जी भर दुपार, तेव्हा विश्वविक्रमवीराला फेकायला मैदानच नाही. आपल्या तक्त्यात २००८ पुढे शून्य आहे. ते शून्य बघून कुणीही म्हणेल की अथेन्सचे यश टिकले नाही.

ते टिकले होते, याचा पुरावा देवेंद्रने दिला. २०१३ मध्ये लियोंच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण. २०१६ मध्ये रिओला एफ-४६ परत कार्यक्रमात आले आणि ३५ वर्षांच्या देवेंद्रने ६३.९७ मीटर फेकून स्वतःचाच बारा वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला आणि दुसरे सुवर्ण घेतले. टोकियोत चाळिशीत ६४.३५ मीटर आणि रौप्य. त्याच स्पर्धेत सुंदरसिंग गुर्जरला कांस्य. पॅरिसमध्ये अजित सिंगला रौप्य आणि पुन्हा सुंदरसिंगला कांस्य. हिशेब करू : एफ-४६ भालाफेक भारताने जिथे जिथे पदक घेतले अशा चार स्पर्धांत मिळून ६ पदके. आपल्या एकूण ६० पदकांचा दहावा हिस्सा या एका प्रकारातून आला आहे. आणि मधल्या दोन स्पर्धांत तो प्रकार नव्हता.

उंच उडीचेही असेच. मांडीपासून पायाचे अपंगत्व असलेल्यांच्या गटात, जो आधी टी-४२ होता आणि आता टी-६३ आहे, २०१२ मध्ये कर्नाटकच्या गिरीश नागराजेगौडाने १.७४ मीटर उडी मारून रौप्य मिळवले. लंडनचे भारताचे ते एकमेव पदक. रिओत याच गटात मरियप्पन तंगवेलू १.८९ मीटरवर पहिला आणि वरुण भाटी तिसरा. टोकियोत मरियप्पन दुसरा, शरद कुमार तिसरा. पॅरिसमध्ये दोघांनी जागांची अदलाबदल केली. एका प्रकारात ७ पदके. म्हणजे ६० पैकी १३ पदके दोन प्रकारांतून. खेडेगावच्या शाळेत दोन बांबू आणि एक दोरी बांधून उंच उडी सुरू करता येते; भाल्याला लाकडाची काठी चालते. महागडी शर्यतीची व्हीलचेअर किंवा पोहण्याचा तलाव लागत नाही. आपली पदके मैदानी खेळांत का दाटली आहेत याचे निम्मे उत्तर मला इथे दिसते.

बॅडमिंटनची गोष्ट याच्या उलटी. तो खेळ टोकियोत पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये आला आणि भारताने त्यात तिथे ४ पदके घेतली, पॅरिसमध्ये ५. प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांची टोकियोतली दोन सुवर्णे त्यांतली. पॅरा बॅडमिंटन खेळणारे आपल्याकडे त्याआधीही होते, जागतिक विजेते होते. कार्यक्रमपत्रिकेत ओळ वाढली आणि तक्त्यातला आकडा वाढला. देवेंद्रच्या बाबतीत ओळ खोडली गेली होती, इथे लिहिली गेली.

गटनिश्चितीची सुरी आणखी जवळून लागते ती विनोद कुमारला. टोकियोत एफ-५२ थाळीफेकीत १९.९१ मीटरवर त्याला कांस्य मिळाले, दुसऱ्या दिवशी तो या गटात बसत नाही असे ठरले आणि पदक गेले. भारताची पदके २० न होता १९ झाली. अशी छाननी हवीच. सिडनीत २००० साली स्पेनच्या बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉल संघातले बहुतेक खेळाडू अपंग नव्हतेच असे उघड झाले होते आणि त्या पापाची फळे जगभरच्या खऱ्या खेळाडूंनी बारा वर्षे भोगली. त्यांच्या स्पर्धाच बंद झाल्या. पण नियम योग्य असला तरी विनोद कुमारच्या हातून गेलेले पदक गेलेलेच राहते. पॅरिसमध्ये उलट घडले. कमी उंचीच्या खेळाडूंच्या एफ-४१ भालाफेकीत ४७.३२ मीटरवर दुसरा आलेला नवदीप सिंग, इराणचा विजेता बाद ठरल्यावर, सुवर्णाचा मानकरी झाला.

रिओच्या आधीचे वर्ष मात्र विसरता कामा नये. मार्च २०१५ मध्ये गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत अपंग खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरवल्याची, साधी स्वच्छतागृहेही धड नसल्याची छायाचित्रे देशभर छापून आली. त्याच वर्षी भारताच्या महासंघावर आंतरराष्ट्रीय समितीने निलंबन आणले; ते उठले २०१६ मध्ये. रिओला १९ खेळाडू गेले आणि ४ पदके घेऊन आले. दीपा मलिकने गोळाफेकीत ४.६१ मीटरचे रौप्य मिळवले, पॅरालिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. रिओपर्यंतची आपली एकूण पदके होती १२ : चार सुवर्ण, चार रौप्य, चार कांस्य. ४४ वर्षांची कमाई.

टोकियोला ५४ खेळाडू गेले, पॅरिसला ८४. मधल्या काळात केंद्र सरकारच्या पोडियम योजनेत दिव्यांग खेळाडू आले, परदेशी सराव आला, फिजिओ आले, आणि पॅरिसच्या पदकविजेत्यांना सुवर्णासाठी ७५, रौप्यासाठी ५० आणि कांस्यासाठी ३० लाख रुपये मिळाले. अवनी लेखरा टोकियोत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली आणि पॅरिसमध्ये तिने ते राखले. सुमित अंतिलने भालाफेकीत तेच केले. पैसा लावला तर पदक येते, असे म्हणणे काहींना व्यवहारी वाटते. मला ते उलट दिशेने जास्त खरे वाटते. पैसा लावला नव्हता तेव्हा जी शून्ये पडली, त्यांतली किती खेळाडूंची होती?

पॅरिसमधली दोन पदके महाराष्ट्राला जवळची. एफ-५७ गोळाफेकीत १४.६५ मीटरवर कांस्य घेणारा होकाटो सेमा नागालँडचा सैनिक. २००२ मध्ये जम्मू-काश्मिरात भूसुरुंगात त्याचा पाय गेला. तो घडला पुण्यात. कृत्रिम अवयव केंद्र तिथे १९४४ पासून आहे आणि खडकीला सैन्याने दिव्यांग खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र चालवले आहे. पेटकर रुग्णालयाच्या पाण्यात एकटे उतरले होते. सेमाला गोळा हातात देणारी एक यंत्रणा उभी होती. जखम तीच, सैन्य तेच. मधल्या काळात एवढे बदलले.

दुसरे पदक सचिन खिलारीचे. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा हा मुलगा. शाळकरी वयात अपघात झाला, डाव्या हातात गँगरीन झाले, कोपर कायमचे अधू झाले. आधी भाला फेकत होता, मग गोळ्याकडे वळला. पॅरिसमध्ये एफ-४६ गोळाफेकीत १६.३२ मीटर, आशियाई विक्रम, रौप्य. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा गोळा १६.३८ वर पडला. सहा सेंटिमीटर. उषाच्या शंभराव्या भागाइतकेच हेही अंतर लोकांच्या लक्षात राहायला हवे, आणि यात तर पदक हातात आहे. करगणी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, पेठ इस्लामपूर त्याच जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात. एका जिल्ह्यातल्या या दोन पदकांमध्ये ५२ वर्षे आहेत.

त्याच २०२४ मध्ये पेटकरांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला आणि पन्नाशी उलटलेले सुवर्ण एकाएकी चर्चेत आले. मार्चमध्ये भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी देवेंद्र झाझडियाची निवड झाली होती. ज्याच्या प्रकाराची ओळ दोनदा खोडली गेली तो माणूस आता संघ पाठवणाऱ्यांच्या खुर्चीत आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात मुरलीकांत पेटकर कुबडीच्या आधाराने अर्जुन पुरस्कार घ्यायला आले. जीवनगौरवाचा. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.